खांब काँक्रीटचा, शीर्ष फोमचे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

खांबांच्या सजावटीसाठी मिळणारी हलकी, फोमची कॅपिटल आणि बेस यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. उत्तरांत कॅपिटलला शीर्ष आणि बेसला तळखडा म्हटले आहे.

प्रश्न : आमच्या घराच्या दर्शनी भागात ४५ सेंटिमीटर व्यासाचे चार गोल आरसीसी खांब आहेत. ते ओकेबोके दिसतात, म्हणून वर नक्षीदार कॅपिटल आणि खाली बेस बसवायचे आहेत. ठेकेदार दोन्ही फोमचे घ्या म्हणतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र खांबाला थर्माकोल लावणे ही निव्वळ फसवणूक वाटते. काय करावे?

उत्तर : शीर्ष फोमचे खुशाल घ्यावे, तळखडा मात्र शक्यतो फोमचा घेऊ नये. हे दोन्ही भाग एकाच नगाचे दोन तुकडे म्हणून विकले जातात, पण त्यांच्या वाट्याला येणारे आयुष्य अगदी वेगळे असते.

आधी शीर्षाविषयी. दगडी बांधकामात शीर्षाला खरोखरचे काम असते. वरच्या तुळईला टेकायला खांबापेक्षा रुंद जागा मिळावी आणि दोन खांबांमधले उघडे अंतर तेवढेच कमी व्हावे, यासाठी खांब वरच्या टोकाला पसरत जातो. आरसीसी खांबात सळया थेट तुळईत शिरलेल्या असतात आणि भार तेथूनच खाली उतरतो. भोवतीच्या शीर्षाकडे शोभेपलीकडे काही उरत नाही. शोभेसाठी किती वजन उंचावर टांगायचे, एवढाच मग प्रश्न राहतो. आपल्या खांबाला साजेल असे ५० सेंटिमीटर उंच आणि ७० सेंटिमीटर रुंद शीर्ष धरले, तर मधले भोक आणि बाजूचे खळगे वजा जाता त्यात साधारण ०.०८ घनमीटर माल भरतो. काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २४०० किलो असते, म्हणजे भरीव काँक्रीटचे असे शीर्ष १९० किलोच्या घरात जाईल. घनमीटरला २० किलो घनतेच्या फोममध्ये तेच दीड किलोच्या आसपास भरते. त्यावर तीन मिलिमीटर जाडीचा सिमेंट-पॉलिमरचा लेप चढला की त्यात सात-आठ किलोंची भर पडते. म्हणजे गाभ्यापेक्षा सालच जड. तरीही एक माणूस ते शिडीवर सहज पेलतो, आणि उद्या ते निसटलेच तर खाली उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने दहा किलो आणि १९० किलो यांतला फरक फार मोठा आहे. (अर्थात म्हणून ते निसटू द्यावे असे नाही.)

फसवणुकीच्या आक्षेपाबद्दल एवढेच म्हणता येईल की हा प्रकार फार जुना आहे. पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातल्या बॅसिलिकातले, म्हणजे सार्वजनिक सभागृहातले, खांब विटांचे आहेत आणि त्यांवर दगडाचा भास देणारा चुन्याचा गिलावा होता. लंडनमध्ये एलिनॉर कोड या उद्योजक स्त्रीने १७६९ पासून भाजलेल्या मातीचा कृत्रिम दगड साच्यांतून काढून विकला, आणि तो कित्येक प्रतिष्ठित इमारतींवर आजही शाबूत आहे. भार खांब वाहतो आणि शोभा शीर्ष देते, हे मालकाला ठाऊक असले की पुरे. एका ठिकाणी मात्र सावध राहावे. तुळया नसलेल्या सपाट स्लॅबमध्ये खांबाचे डोके मुद्दाम पसरट ओतलेले असते, कारण तेथे खांब स्लॅबमधून आरपार घुसण्याचा धोका असतो. तो पसरट भाग रचनेचा आहे. तो तासून किंवा गाळून त्या जागी फोमचा तुकडा लावण्याचा विचारही करू नये.

आता तळखड्याविषयी. शीर्षाला कोणी हात लावत नाही. तळखड्याला पाय लागतात, खुर्च्या घासतात, सायकलचे चाक आदळते, फरशी धुताना प्रत्येक वेळी पाणी लागते आणि मुले त्यावर चढून उभी राहतात. फोमवरचा तीन मिलिमीटरचा लेप हवेपावसाला पुरतो, पण टोकदार आघाताला पुरत नाही. एकदा कडेचा टवका उडाला की आतले पांढरे दाणे दिसू लागतात, आणि डोळ्यांच्या इतक्या जवळ असलेला तो पांढरा ठिपका चारही खांबांचे सोंग उघडे पाडतो. शिवाय तळखडा जमिनीवरच टेकत असल्यामुळे त्याचे वजन कमी करून हाती काहीच लागत नाही. तो दगडाचा, साच्यातल्या काँक्रीटचा किंवा जागेवर गिलाव्यात ओढलेला असावा. रंग एकच दिला की वरच्या आणि खालच्या मालातला फरक कोणाच्या लक्षात येत नाही. फोमचाच घ्यावा लागला, तर निदान चौकोनी पाट, म्हणजे सर्वांत खालची पायरी, काँक्रीटची ओतून घ्यावी आणि फोमची गोलाई तिच्यावर बसवावी.

प्रश्न : एक विक्रेता ‘ईपीएस’ सांगतो, दुसरा ‘पीयू’. दोन्ही फोमच ना? आमच्या डोळ्यांना तर सगळा थर्माकोलच दिसतो.

उत्तर : ईपीएस म्हणजे प्रसरण पावलेले पॉलिस्टायरीन, म्हणजेच आपण ज्याला थर्माकोल म्हणतो ते. त्याच्या आकारमानाचा सुमारे ९८ टक्के भाग हवा असतो. त्याचा ठोकळा तापलेल्या तारेने कापतात. पत्र्याचा नमुना लावून तार फिरवली की गोलाया आणि पट्ट्या स्वच्छ उतरतात. वस्तू पॅकिंग करण्याचा थर्माकोल यासाठी चालत नाही. बाहेरच्या कामासाठी घनमीटरला निदान २० किलो घनता मागावी. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. ते द्रवरूपात साच्यात ओतले जाते, तेथेच फुगते आणि घट्ट होते. सजावटीच्या नगांत त्याची घनता ईपीएसच्या कितीतरी पट असते आणि नखाने दाबले तरी खळगा पडत नाही.

निवड नक्षीवर अवलंबून आहे. साध्या गोलायांचे टस्कन किंवा डोरिक (अभिजात खांबांच्या दोन साध्या शैली) शीर्ष ईपीएसमध्ये उत्तम होते. कोरिंथियन या नक्षीदार शैलीच्या शीर्षाची ॲकँथसची (कातरलेल्या कडांच्या एका वनस्पतीची) पाने मात्र तारेला जमत नाहीत, कारण तार सरळच कापते. आत वळलेल्या पानाच्या टोकाखालून तिला जाता येत नाही. यंत्राने कोरून घेतली तरी वरचा लेप शिरांमधल्या बारीक खाचा भरून टाकतो आणि पान बटबटीत दिसते. अशा नक्षीसाठी साच्यातले पीयू घ्यावे. घेण्यापूर्वी नगाचा मागचा भाग पाहावा. लेपात काचतंतूंची जाळी असेल तर ती कापलेल्या कडेला दिसते. जाळी नसलेला लेप, कितीही गुळगुळीत असो, घेऊ नये. ही जाळी अल्कलीला दाद न देणारी असावी, कारण साधे काचतंतू सिमेंटमधल्या अल्कलीने हळूहळू खलास होतात.

प्रश्न : शीर्षे बसवल्यावर रंगाऱ्याने तेलरंगात थिनर मिसळून हात मारला. दुसऱ्या दिवशी काही कडांवर खड्डे पडले आणि एका जागी बोट आत जाईल एवढी पोकळी झाली. माल खराब होता का?

उत्तर : तसे दिसत नाही. थिनर, ॲसिटोन, टोल्युईन, पेट्रोल हे सारे पॉलिस्टायरीन विरघळवतात. लेप सलग होता तेथे काही झाले नाही. कडांवर तो पातळ होता किंवा वाहतुकीत बारीक तडा गेला होता, तेथून थिनर आत उतरला आणि त्याने फोम खाल्ला. लेप वरून धड आणि आतून पोकळ, असेही झाले असेल, म्हणून सगळ्या पृष्ठभागावर टिचक्या मारत फिरावे. जेथे आवाज बदलतो तेथे लेप कापून काढावा, उघड्या फोमची कड धारदार पात्याने साफ करावी, जागा मोठी असल्यास फोमचा तुकडा बसवावा आणि त्यावर जाळीसह लेप पुन्हा द्यावा, तोही आजूबाजूच्या लेपावर चार बोटे चढवून. पुढे प्रायमर आणि रंग दोन्ही पाण्यात मिसळणारे, ॲक्रिलिकच वापरावेत. चिकटवण्याच्या मालालाही हाच नियम आहे. डब्यावर ‘सॉल्व्हंटविरहित’ असे लिहिलेले असल्याशिवाय तो ईपीएसला लावू नये.

रंगाच्या छटेविषयी आपण विचारलेले नाही, पण सांगतो. उन्हात गडद रंगाचा पृष्ठभाग भलताच तापतो, आणि त्यामागे उष्णता अडवणारा फोम असल्यामुळे ती उष्णता आत मुरून निघून जात नाही, लेपातच कोंडून राहते. ईपीएस ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. म्हणून उन्हाच्या बाजूला फिकट रंगच द्यावा.

प्रश्न : कॅटलॉगमधून कॅपिटल निवडताना कोणते माप पाहावे? आमचे खांब ३० सेंटिमीटर व्यासाचे आणि तीन मीटर उंच आहेत.

उत्तर : बहुतेक घरांतले खांब बेढब दिसतात ते मालामुळे नव्हे, मापामुळे. कॅटलॉगमध्ये शीर्ष एकटे दिसते आणि एकटे असताना कोणतेही शीर्ष सुंदरच दिसते.

जुन्या वास्तुकारांनी सारी मापे खांबाच्या तळाच्या व्यासावरून काढली. इटालियन वास्तुकार विन्योला याने १५६२ मध्ये जो हिशेब छापला तो आजही हाताशी ठेवण्यासारखा आहे : तळखडा आणि शीर्ष धरून खांबाची उंची टस्कनला व्यासाच्या सातपट, डोरिकला आठपट, आयोनिकला (गुंडाळ्यांच्या शीर्षाच्या शैलीला) नऊपट आणि कोरिंथियनला दहापट. आपला खांब नेमका दहापट उंच आहे, म्हणजे त्याचा बांधा कोरिंथियनचा आहे. टस्कन शीर्षाची उंची व्यासाच्या निम्मी, म्हणजे आपल्याकडे १५ सेंटिमीटर भरेल, आणि तीन मीटरच्या सडपातळ खांबावर ते टोपी लहान झाल्यासारखे वाटेल. कोरिंथियन शीर्ष व्यासाहून थोडे उंच, ३० ते ३५ सेंटिमीटर घ्यावे. टस्कनच हवे असेल, तर खांबाला फोमचे किंवा गिलाव्याचे वेष्टन देऊन त्याचा व्यास ४३ सेंटिमीटरपर्यंत वाढवावा लागेल. हा खर्च अनेकांना नकोसा वाटतो, पण साध्या शीर्षाचा डौल जाड खांबावरच खुलतो.

दुसरी गोष्ट निमुळतेपणाची. अभिजात खांब वर जाताना बारीक होतो. वरचा व्यास खालच्याच्या सुमारे पाच-षष्ठांश असतो. आरसीसी खांब सरळसोट असतो. त्यामुळे कॅटलॉगमधला व्यास तळाचा आहे की गळ्याचा, हे विचारल्याशिवाय मागणी नोंदवू नये. गळ्याचा व्यास खांबाच्या व्यासाशी जुळला पाहिजे, आणि तोही गिलावा झाल्यावर दोरीने घेर मोजून, ३.१४ने भागून काढलेला. नकाशात ३० लिहिलेला खांब गिलाव्यानंतर ३३ सेंटिमीटरचा झालेला असतो, आणि मग खांबाभोवती बसवायचे शीर्षाचे दोन अर्धे भाग जुळता जुळत नाहीत.

तळखड्याच्या रुंदीकडेही पाहावे. नेहमीच्या ॲटिक पद्धतीच्या तळखड्याचा, म्हणजे दोन फुगीर कड्यांमध्ये एक खोल गोलाई असलेल्याचा, पाट व्यासाच्या सुमारे दीडपट रुंद असतो. ३० सेंटिमीटरच्या खांबाला तो ४५ सेंटिमीटर होतो, म्हणजे प्रत्येक बाजूने साडेसात सेंटिमीटर वाट अडते. दार उघडताना पाटाला लागणार नाही ना, हे खडूने जमिनीवर चौकोन आखून पाहावे. ग्रीक डोरिक खांबाला तळखडाच नसतो, म्हणून तो घेऊन या भानगडीतून सुटावे, असे काहींना सुचते. पण अथेन्समधल्या पार्थेनॉन या ग्रीक डोरिक मंदिराच्या खांबांची उंची व्यासाच्या जेमतेम साडेपाच पट आहे. आपल्या दहापट उंच खांबाखालून तळखडा काढला तर तो जमिनीत रोवलेल्या नळासारखा दिसेल.

प्रश्न : शीर्षाच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावर पहिल्याच उन्हाळ्यात उभी भेग आली. पुट्टी भरली, ती पुन्हा फुटली.

उत्तर : पुट्टी पुन्हा पुन्हा फुटणारच. तापमान बदलले की ईपीएस काँक्रीटच्या सुमारे सहापट फुगते-आकसते. अर्ध्या मीटरच्या नगात ४० अंशांच्या फरकाने एक ते दीड मिलिमीटर हालचाल होऊ शकते. ताठ पुट्टीला ती सोसत नाही. सांधा दोन बोटे रुंद खरवडून घ्यावा, दोन्ही अर्धे खांबाला सर्वत्र चिकटले आहेत का ते दाबून पाहावे (फक्त चार ठिपके चिकटवलेले नग हमखास हलतात), फटीत चिकटवण्याचा लवचीक माल भरून वर जाळीची पट्टी आणि लेप द्यावा. शीर्षाचा माथा आणि तुळई यांच्यामधली फट मात्र लेपाने बंद करू नये. तेथे रंगवता येणारे ॲक्रिलिक सीलंट भरावे आणि माथ्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा. पाणी माथ्यावर साचून भेगेतून आत उतरले, तर ते खांबालगत ओल धरून राहते आणि रंग खालून सुटतो.

प्रश्न : आग आणि कीड यांचे काय?

उत्तर : फोम जळतो. ईपीएस वितळून थेंब गाळत आणि काळा धूर सोडत जळते. म्हणून ज्योतरोधक प्रतीचाच माल घ्यावा, त्याचा चाचणी अहवाल मागावा आणि फोम कोठेही उघडा ठेवू नये. ज्योतरोधक म्हणजे न जळणारे नव्हे. लहान ठिणगीने तो लागलीच पेट घेत नाही, इतकेच. जिन्याच्या सुटकेच्या मार्गावर किंवा शेगडी-भट्टीजवळ तो लावूच नये. कीड फोम खात नाही, पण मुंग्या आणि वाळवी त्यात बिळे करतात आणि उंदीर तो कुरतडतात. वाळवी जमिनीतून येते, हे तळखड्यासाठी फोम टाळण्याचे आणखी एक कारण. वरच्या शीर्षाच्या मागची फट पूर्ण बुजवली की बहुधा काम भागते.

प्रश्न : शीर्षाच्या खाली भिंतदिवा आणि वेलीसाठी तार लावायची आहे. फोममध्ये स्क्रू धरेल का?

उत्तर : धरणार नाही. आज धरल्यासारखा वाटेल आणि वाऱ्याने हलून भोक मोठे होईल. दिव्याची जागा शीर्ष बसवण्यापूर्वीच ठरवावी, वायरची नळी तेव्हाच आत घ्यावी आणि स्क्रू फोममधून आरपार जाऊन काँक्रीटमधल्या फास्टनरमध्ये रुतेल इतका लांब घ्यावा. स्क्रू आवळताना फोम दबू नये म्हणून त्याभोवती फोमच्या जाडीएवढ्या लांबीची कडक नळी घालावी आणि तोंडाशी सीलंट लावावे. वेलीची तार शीर्षाला बांधूच नये. ती थेट तुळईतल्या हुकाला अडकवावी, कारण भिजलेल्या वेलीचे वजन शीर्षाच्या वजनापेक्षा सहज जास्त होते.