सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला बांबू विकण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते का?

नाही, 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार बांबू हे गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारे वनस्पतिजन्य उत्पादन) असल्याने ते गोळा करून विकण्याचा अधिकार हक्कधारकांचा आहे, आणि 2012 मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे वाहतूक परवानाही ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्तीच देते. माझ्या मते खरी अडचण परवान्याचीच असते: गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक हक्क 2009 मध्ये मिळाला, तरी परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले ते एप्रिल 2011 मध्ये, तेही तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी लक्ष घातल्यावर. मात्र हा अधिकार गौण वनोपजापुरताच असून सागवानासारखे इमारती लाकूड त्यात येत नाही.