‘अकरा महिन्यांच्या करारावर सही करू का?’

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेन लाइनमध्ये आमचं भांड्यांचं दुकान आहे. इमारत एका कापूस व्यापाऱ्याने बांधलेली, दुमजली. दर्शनी भागावर चुन्यात ‘सन १९३४’ कोरलेलं आहे. खाली पाच दुकानं, त्यातलं एक आमचं. सासऱ्यांनी ते १९५३-५४च्या सुमारास भाड्याने घेतलं. लेखी करार नाही. १९७४ साली मालकाने खाली करण्यासाठी केस केली होती, ती खारीज झाली, असं सासरे सांगायचे. ते १९८१ मध्ये वारले. पुढे यजमान बसू लागले, पण पावत्या सासऱ्यांच्याच नावाने निघत राहिल्या. १९९८पर्यंत मुनीमजी येऊन भाडं नेत. नंतर मनीऑर्डर करत होतो. एप्रिल २०११पासून कोणी भाडं घेतलंच नाही. शेवटचं भाडं महिना १८० रुपये. तीन वर्षांपूर्वी यजमान गेले. आता मी आणि मुलगा दुकान पाहतो, एका कोपऱ्यात पुतण्याचं मोबाइल दुरुस्तीचं काउंटर आहे. मालकाच्या नागपूरच्या वारसांनी इमारत विकली. नवे मालक म्हणतात, “भाडेकरू मेला, तुमचा कागद नाही. अकरा महिन्यांचा करार करा, नाहीतर तीन लाख घेऊन मोकळं करा.” त्यातच नगर परिषदेची धोकादायक इमारतीची नोटीस आली, सात दिवसांची. काय करू?

उत्तर :

ताई, आधी एकच गोष्ट. त्या अकरा महिन्यांच्या करारावर सही करू नका. पाचशेच्या कोऱ्या स्टॅम्पवर तर नाहीच नाही. ‘लिव्ह अँड लायसन्स’वर सही केलीत की सत्तर वर्षांची भाडेदारी असलेल्या तुम्ही त्या दिवसापासून परवानाधारक, म्हणजे नुसती वापरायची परवानगी असलेल्या, होता. बाराव्या महिन्यात तुम्हाला उठवायला मालकाला फारसं काही सिद्ध करावं लागत नाही. माझ्याकडे या प्रकारात आलेल्या माणसांपैकी निम्मे सही करून आलेले असतात. मग मला त्यांचं फक्त ऐकून घ्यावं लागतं.

तुमच्याकडे कागद नाही, हे मला पटलेलं नाही. करारनामा नाही, हे खरं. पण त्या काळी बाजारपेठेतल्या दुकानांचे करारनामे कुठे होत होते? ताबा घ्यायचा, महिन्याचं भाडं ठरवायचं, शब्द दिला की झालं. महिन्या-महिन्याची तोंडी भाडेदारी मालमत्ता हस्तांतरण कायद्यालाही चालते. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा ही सक्ती महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ने आणली. तो कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तुमची भाडेदारी त्याच्या किती तरी आधीची. शिवाय कलम ५५ खाली करार नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात : १९७४ची केस. आजच्या वाचकांना यातलं नवल कळावं म्हणून थोडं मागे जातो. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या, म्हणजे तेव्हाच्या जुन्या मध्य प्रदेशाच्या, राज्यात होता. मग तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. राज्यं बदलली, पण दुकानभाड्याचा कायदा बदलला नाही. मुंबई-पुण्याला १९४७चा मुंबई भाडे कायदा, आपल्याकडे मात्र ‘सी. पी. अँड बेरार’चा १९४९चा भाडे नियंत्रण हुकूम. तो थेट २००० सालापर्यंत चालला. त्याची एक खास तऱ्हा होती. मालकाला भाडेकरू काढायचा तर सरळ कोर्टात जाता येत नसे. आधी महसूल खात्यातल्या रेंट कंट्रोलरपुढे जाऊन, हुकुमाच्या खंड १३ खाली, नोटीस देण्याचीच परवानगी मागावी लागे. परवानगी मिळाली तर नोटीस, आणि त्यानंतर दिवाणी दावा. तुमची ‘केस’ म्हणजे बहुतेक हीच परवानगी, आणि ती नाकारली गेली.

म्हणजे काय झालं? मालकाने स्वतःच्या सहीच्या अर्जात लिहून दिलं की अमुक माणूस माझा भाडेकरू आहे, अमुक दुकानात आहे, भाडं इतकं आहे. याहून चांगला करारनामा कुठला वकील करून देईल? हे कागद उपविभागीय कार्यालयाच्या किंवा जिल्हाधिकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात शोधावे लागतात. सासऱ्यांचं नाव, मालकाचं नाव, गाव आणि वर्ष टाकून नकलेचा अर्ज करा. सोबत दहा रुपये फी लावून माहिती अधिकाराचाही अर्ज द्या, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. रेकॉर्ड कीपर पहिल्या दिवशी ‘बाई, एवढं जुनं कुठं असते’ म्हणेल. दुसऱ्यांदा जा. १९९९चा कायदा अनुसूचीत नमूद केलेल्या गावांना लागू आहे. तुमच्या गावी रेंट कंट्रोलरपुढे केस चालली यावरून जुना हुकूम तिथे होता हे दिसतं, तरी तुमच्या वकिलाला अनुसूची एकदा डोळ्याखालून घालायला सांगा.

दुसरा कागद नगर परिषदेत. मालमत्ता कराच्या आकारणी नोंदवहीत मालकाच्या नावाशेजारी भोगवटादाराचा रकाना असतो. जुन्या वह्यांत तिथे सासऱ्यांचं नाव सापडेल असा माझा अंदाज आहे. नकला मागताना एकाच वर्षाची मागू नका, दहा-दहा वर्षांच्या अंतराने मागा. भूमी अभिलेख कार्यालयातून इमारतीची आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा. जागा नझूलची, म्हणजे गावातली सरकारी, असेल तर शीट नंबर, प्लॉट नंबर आणि सत्ता प्रकार त्यात मिळेल, आणि नव्या मालकाच्या खरेदीचा फेरफार झाला की नाही तेही दिसेल. पण यावर एक खबरदारी. जागा सरकारी पट्ट्याची निघाली म्हणून ‘तू कशाचा मालक, मी भाडं देत नाही’ असा पवित्रा घेऊ नका. ज्याच्याकडून दुकान घेतलं त्याचं मालकीपण भाडेकरूला नाकारता येत नाही. नव्या मालकाला खरेदीखताची प्रत मागणं वेगळं. ती जरूर मागा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत एक पावती आहे : ‘रुपये १८ आणे ८’. त्यावर तारखेचा भाग वाळवीने खाल्लाय. काळजी नको. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, नवे पैसे सुरू झाले. मुनीमजींनी आण्यांत हिशेब लिहिलाय तर पावती त्याच्या आधीची किंवा फार तर आसपासची. वर तीस वर्षांहून जुना कागद योग्य माणसाच्या ताब्यातून आला तर त्याची सही-अक्षरं खरी धरण्याचं अनुमान साक्षीपुराव्याच्या कायद्यातच आहे. आणि तुमचा धंदा भांड्यांचा, तांब्या-पितळेची तोलून विक्री. म्हणजे ठरावीक मुदतीने वजनमाप खात्याचा पडताळणी दाखला निघत असणार, त्यावर दुकानाचा पत्ता असतो. गुमास्ता (दुकानाचा परवाना), विक्रीकराचा नंबर, वीज मंडळाची जुनी बिलं सगळ्यांना आठवतात. वजनमापाचा दाखला मात्र मी आजवर कुणी आपणहून आणलेला पाहिला नाही.

‘भाडेकरू मेला’ या म्हणण्यात दम नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ७ मधली भाडेकरूची व्याख्या अशी आहे की, धंद्याच्या जागेत भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत तिथे धंदा करणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. तसा कुणी नसेल तर वारस, कोण ते कोर्ट ठरवतं. मृत्यू कायद्याच्या आधीचा असो की नंतरचा. सासऱ्यांनंतर यजमान आणि यजमानांनंतर तुम्ही. यजमान असताना तुम्ही दुपारी गल्ल्यावर बसत होतात ना? खरेदीच्या बिलांवर तुमच्या सह्या असतील, बँकेत भरणा केल्याच्या स्लिपा असतील. शेजारचे दुकानदार सांगतील. ते सगळं गोळा करा.

आता तुमच्या बाजूच्या दुखऱ्या जागा. पहिली भाड्याची. २०११पासून कोणी घेतलं नाही हे खरं, पण आपण देऊ केलं होतं हे दाखवायला हवं. आज चौदा वर्षं धरली तरी १८० रुपयांनी ३०,२४० रुपये होतात. यात मुदतबाह्य किती, हा वाद घालत बसू नका, तो वकिलांच्या कामाचा असतो, तुमच्या नाही. नव्या मालकाला पोचपावतीसह पत्र पाठवा : भाडं देण्यास मी तयार होते आणि आहे, खरेदीखताची प्रत आणि खाते क्रमांक द्या. सोबत रक्कम मनीऑर्डरने किंवा चेकने पाठवा. परत आलं तर पाकीट फोडू नका, शिक्क्यासकट ठेवा. कलम १५ प्रमाणे भाडं देण्यास तयार असलेल्या भाडेकरूला थकबाकीवर काढता येत नाही. मालकाला आधी लेखी मागणी करून नव्वद दिवस थांबावं लागतं. दावा पडलाच तरी समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी साध्या १५ टक्के व्याजासह भरून पुढे नियमित देत राहिलात तर तो आधार कोसळतो. कलम ११ खाली मालकाला दरवर्षी ४ टक्के वाढही मागता येते. तीही देऊ करा. १८० वर ती पहिल्या वर्षी ७ रुपये २० पैसे होते.

एक खरं बोलू? १८० रुपयांत आजच्या घडीला छपरावरच्या कवेलूंची एक रांगसुद्धा बदलत नाही. मालकाच्या बाजूने पाहिलं तर त्याचाही जीव जळतोच. न्यायाधीशालाही ते दिसतं. म्हणून वाढ आपणहून देऊ करणारा भाडेकरू कोर्टात वेगळा दिसतो.

दुसरी जागा पुतण्याची. तो तुम्हाला महिन्याला काही देतो का? देत असेल आणि काउंटरचा धंदा त्याचा स्वतःचा असेल, तर ती पोटभाडेदारी, आणि पोटभाडेदारी हा कलम १६ मध्ये बेदखलीचा स्वतंत्र आधार आहे. त्याला आज उठवलं म्हणून कालचं पुसलं जात नाही. तरी चालू ठेवणं त्याहून वाईट. वकिलाला जे आहे तेच सांगा, कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात कळलं तर सगळा दावा पाण्यात. मुलाचा आणि पुतण्याचा एकत्र धंदा खरोखरच असेल, हिशेब एकच असेल, तर गोष्ट वेगळी.

आता नोटीस. नगर परिषद अधिनियम, १९६५च्या कलम १९५ खाली पडायला आलेल्या इमारतीवर अशी नोटीस देता येते. ती तुमची भाडेदारी संपवत नाही. तिचं बोलणं विटांशी, चुन्याशी, लाकडाशी आहे. पण दुसरीकडे, तुमच्या फोटोत माडीचा सज्जा एका बाजूने लोंबतोय आणि सागवानी तुळईला खालून टेकू आहे. गर्डर विलायती दिसतो. त्याच्या टोकाशी भिंतीचा चुना मात्र ढिला झालाय. पावसाळ्यात या सज्ज्याखाली ताट-वाट्या मांडून बसू नका. सामान दुसरीकडे हलवा, कुलूप मात्र तुमचंच ठेवा आणि किल्ली कुणाला देऊ नका. मुख्याधिकाऱ्यांना आजच लेखी उत्तर द्या : इमारतीची तपासणी तज्ज्ञ अभियंत्याकडून करावी, दुरुस्ती शक्य आहे का ते लेखी सांगावं, मी धोका टाळण्यासाठी सामान हलवलं आहे, ताबा सोडलेला नाही. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून तपासणी करून घेता येते, अहवाल कोर्टात वजनदार ठरतो.

आणि पाडायचीच वेळ आली तर पाडण्याआधी प्रत्येक दुकानाचा पंचनामा मागा : लांबी, रुंदी, चतुःसीमा, आत कोण, फोटो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी मिरजेच्या एका प्रकरणात सांगितलं आहे की, इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, जमिनीवर तो राहतो. पण जमीन सपाट झाल्यावर तुमचं दुकान नेमकं कुठे होतं, दहा बाय अठरा की बारा बाय अठरा, हे दाखवायला तो पंचनामाच असेल.

नव्या मालकाला नवी इमारत बांधण्यासाठी जागा हवी असेल तर कलम १६चा तोही मार्ग आहे. मात्र त्याला कोर्टात नकाशे, अंदाजपत्रक आणि पैशाची तयारी दाखवावी लागते, आणि तुम्हाला नव्या इमारतीत जवळपास तेवढीच जागा देण्याची हमी द्यावी लागते. समझोता करायचाच तर याच्या आसपास करा : नवा गाळा, लेखी, नोंदणीकृत, बांधकाम होईपर्यंतच्या दिवसांचा खर्च वेगळा. तीन लाख ही त्या रस्त्यावरच्या दुकानाची किंमत नाही हे मला सांगायची गरज नाही, तुम्ही रोज तिथे बसता.

एक-दोन दिवसांत तुमच्या तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या कोर्टात मनाईचा दावा आणि सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज टाका. कायदेशीर मार्गाशिवाय मला काढू नये, एवढीच मागणी. रात्रीतून कुलूप तोडलं तर पोलीस ‘दिवाणी मामला’ म्हणतील. तरी तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. ताबा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत विशिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम ६ खाली तो परत मागता येतो. वीज तोडली तर दाद मागायला भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ आहे. फीची चिंता असेल तर कोर्टाच्याच आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. १९८७च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही.

बाकीच्या चार दुकानदारांशीही बोला. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी १९७४च्या निकालाची नक्कल पडलेली असू शकते, कारण तेव्हा मालकाने एकट्या तुमच्या सासऱ्यांवर केस केली असेल असं मला वाटत नाही. १९७२ साली सरकारची एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा, सुरू झाली आणि खासगी अडत्यांचा धंदा बसला. त्यानंतर दोनच वर्षांत मालकाला दुकानं मोकळी हवीशी झाली, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

आणि सासऱ्यांच्या त्या पावत्या, खतावणी घेऊन या. मुलाला सांगा, लॅमिनेशन करायला नेऊ नको. आण्यांच्या पावतीवरचा रसीदी तिकिटाचा शिक्का त्यात कायमचा दडतो. जुन्या वर्तमानपत्रात न गुंडाळता, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून आणा.