वाचक विचारतात : इन्फ्रारेडनं डेटा, आणि तोही इतका फास्ट?

मागच्या अंकात रिमोट कंट्रोल कसा चालतो यावर लिहिलं होतं, त्यावर पत्रं आणि मेसेज बरेच आले, आणि गंमत म्हणजे बहुतेकांना रिमोटबद्दल काही विचारायचंच नव्हतं, विचारायचं होतं ते इन्फ्रारेडनं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशानं, फाईल पाठवण्याबद्दल. म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न : सर, आम्ही कॉलेजात असताना दोन फोन टेबलावर डोक्याला डोकं लावून ठेवायचो आणि इन्फ्रारेडनं एखादा फोटो किंवा रिंगटोन पाठवायचो, हात लागला की कनेक्शन तुटलंच, पुन्हा पहिल्यापासून. आता वाचतोय की इन्फ्रारेडनं गिगाबिटमध्ये स्पीड मिळतो. हे तेच इन्फ्रारेड का? मग तेव्हा इतकं स्लो का होतं?

उत्तर : प्रकाश तोच हो! तेव्हाचाही साधारण ८५० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा होता, आजही बऱ्याच ठिकाणी तोच वापरतात. बदललं ते प्रकाश चालू-बंद करणारं सर्किट, आणि दोन फोनमधली बोलायची पद्धत.

१९९३ मध्ये आयआरडीए (इन्फ्रारेड डेटा असोसिएशन) नावाची संस्था निघाली, तिनं नियम ठरवले की अंतर साधारण एक मीटरपर्यंत, मधल्या रेषेपासून कोन सगळीकडे १५ अंशांच्या आसपास. पहिला स्पीड कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टला जुळवून घेतलेला, जास्तीत जास्त ११५.२ केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट). तुमच्या फोनमध्ये बहुतेक तोच असणार. त्यात एका बाइटमागे स्टार्ट आणि स्टॉप धरून दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला साडेअकरा किलोबाइट. ३०० केबीचा फोटो घ्या, २६ सेकंद फोन हलवायचा नाही! एक जीबीची फाईल पाठवायला बसलात तर अख्खा दिवस, २४ तास.

पण आयआरडीए तिथं थांबलं नाही आणि हे फार लोकांना माहीतच नाही. पुढे ४ एमबीपीएस (सेकंदाला ४० लाख बिट) आलं, मग १६, मग ९६, आणि शेवटी गिगा-आयआर नावानं थेट १ जीबीपीएस. तीच एक जीबीची फाईल ४ एमबीपीएसला ३३ मिनिटं घेते, ९६ ला दीड मिनिटाच्या आत आणि १ जीबीपीएसला आठ सेकंद (हे कागदावरचे आकडे, प्रत्यक्षात थोडा वेळ जास्त जातो).

४ एमबीपीएसची युक्ती मला स्वतःला फार आवडते म्हणून सांगतो. ५०० नॅनोसेकंदाचा एक तुकडा घ्यायचा, त्याचे चार समान कप्पे करायचे, आणि चारपैकी एकाच कप्प्यात एलईडी चमकवायचा. कुठल्या कप्प्यात चमकला यावरून समोरच्याला दोन बिट कळतात : पहिला कप्पा म्हणजे ००, दुसरा ०१, असं. एलईडी पाऊणवेळ बंदच असतो, त्यामुळे तो तापत नाही, बॅटरी वाचते आणि चमकायचं तेव्हा जोरात चमकता येतं. किती कमी साधनांत किती डोकं लावलंय बघा.

आता स्लो वाटायचं त्याचं दुसरं कारण. इन्फ्रारेडमध्ये आपण पाठवत असताना आपलाच प्रकाश आपल्याच सेन्सरवर पडून तो आंधळा होतो, म्हणून एकानं बोलायचं तेव्हा दुसऱ्यानं गप्प बसायचं. थोडा डेटा पाठवा, थांबा, "मिळाला" ऐका, पुन्हा पाठवा, आणि प्रत्येक वेळी दिशा बदलताना सेन्सर सावरेपर्यंत मध्ये मोकळा वेळ. म्हणून जपानमध्ये २००५ च्या सुमारास आयआर-सिंपल आलं, त्यात एलईडी वगैरे तेच, फक्त हे मधलं थांबणं कमी केलं, तेवढ्यानंच फाईल कितीतरी पटीनं लवकर जायला लागली.

मग इन्फ्रारेड गेलं कुठं? माझं स्पष्ट मत आहे की ते स्पीडमुळे हरलं नाही. ब्लूटूथ सुरुवातीला १ एमबीपीएसच होतं, म्हणजे ४ एमबीपीएसच्या इन्फ्रारेडपेक्षा हळूच. पण फोन खिशात ठेवून हेडसेट चालायचा, नेम धरावा लागत नव्हता. लोकांना नेम धरण्याचा कंटाळा आला एवढंच. तरी एक आठवण मागे राहिली, फाईल देण्याघेण्याची ओबेक्स नावाची पद्धत मूळ आयआरडीएची, ती ब्लूटूथनं तशीच उचलली.

प्रश्न : मग रिमोटचा एलईडीसुद्धा इतकाच फास्ट चमकू शकतो का?

उत्तर : एलईडी चमकेल हो, पलीकडचा सेन्सर अडवतो. टीव्हीतला रिसीव्हर बहुतेक वेळा ३८ किलोहर्ट्झच्या लुकलुकण्याकडेच लक्ष देतो, बाकी सगळं (ऊन, ट्यूबलाइट) गाळून टाकतो, म्हणून तर रिमोट इतका भरवशाचा. पण त्याच गाळणीमुळे त्यातून सेकंदाला फार तर काही हजार बिट जातात. साध्या एलईडीची झेपही काही दशलक्ष ते काही कोटी वेळा चालू-बंद होण्यापर्यंतच, गिगाबिटसाठी लेझर लागतो. आणि घेणाऱ्या फोटोडायोडचं (प्रकाशाची वीज करणाऱ्या सेन्सरचं) एक दुखणं आहे : तो मोठा केला की प्रकाश जास्त गोळा होतो पण त्याची कपॅसिटन्स (वीज साठवून धरायची क्षमता) वाढून तो मंद होतो, लहान केला की चपळ होतो पण प्रकाशच पुरत नाही. म्हणून पुढे लेन्स लावावी लागते, आणि लेन्स लावली की नेम आणखी नीट धरावा लागतो. या क्षेत्रातली निम्मी मेहनत या एका ओढाताणीत जाते.

प्रश्न : नमस्कार. वायफाय आहे, ५जी आहे, सगळं व्यवस्थित चाललंय, भिंतीपलीकडेही जातं. प्रकाश तर साध्या कागदानंही अडतो. मग पुन्हा इन्फ्रारेडच्या मागे कशाला लागायचं? मला तरी हे उलटं जाणं वाटतं.

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मीही बरीच वर्षं असंच म्हणायचो. पण जागेचा हिशोब करून बघा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जेमतेम ८० मेगाहर्ट्झ जागा आहे आणि त्यातच वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे दाटीवाटीनं बसलेत. इन्फ्रारेडमध्ये नुसता १५०० ते १६०० नॅनोमीटरचा तुकडा घेतला तरी साडेबारा टेराहर्ट्झ होतात, म्हणजे दीड लाख पट. आणि वायफायचा एक राउटर खोलीतल्या सगळ्यांना मिळून पुरवतो, दहा जण बसले की तोच स्पीड दहांत वाटला जातो. शिवाय शेजारच्या खोलीतल्या राउटरची लुडबूड असतेच, कारण लहरी भिंत ओलांडतात. तुम्ही जो वायफायचा गुण म्हणताय ना, गर्दी वाढली की तोच त्याला भोवतो.

इन्फ्रारेडचा झोत मात्र जिथं टाकला तिथंच जातो. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत जोआन ओह यांनी पीएचडीसाठी जे काम केलं ते यासाठी वाचण्यासारखं आहे. छतात एक छोटा अँटेना, त्याला फायबरमधून प्रकाश येतो, त्यात बारीक रेघांच्या जाळ्या (ग्रेटिंग) बसवलेल्या आणि हलणारा एकही भाग नाही. प्रकाशाची तरंगलांबी किंचित बदलली की जाळीतून बाहेर पडणारा झोत दुसऱ्या दिशेला वळतो. म्हणजे तुमच्या लॅपटॉपला एक तरंगलांबी, माझ्या फोनला दुसरी, मी खोलीत फिरलो की माझी तरंगलांबी बदलायची आणि झोत माझ्या मागे येतो! अडीच मीटरवर एका झोतात ४२.८ जीबीपीएस मिळाले, आणि ते कोणाशी वाटून घ्यायचे नाहीत. परतीचा डेटा मात्र त्यात रेडिओनंच जायचा.

कॉलेजच्या फोनमध्ये नेम आपण धरायचो, इथं छत नेम धरतं. माझ्या मते सगळा फरक एवढाच आहे.

स्टँडर्डचंही सांगतो. वायफायचं जे मूळ १९९७ चं ८०२.११ स्टँडर्ड, त्यातच १ आणि २ एमबीपीएसचं इन्फ्रारेड लिहिलेलं होतं, ते बाजारात काही चाललं नाही. २०२३ मध्ये त्याच घराण्यात ८०२.११बीबी आलं, ८०० ते १००० नॅनोमीटरचा प्रकाश आणि कागदावर ९.६ जीबीपीएसपर्यंत स्पीड. लायफाय म्हणतात ते हेच, आणि लोकांना लायफाय म्हटलं की घरातला बल्ब आठवतो पण या स्टँडर्डमधला प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही, म्हणजे अंधार करून झोपलात तरी लिंक चालू.

भिंतीमुळे अडतं हे खरंच आहे, दार लावलं की संपलं. पण दवाखान्यात किंवा जिथं माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही अशा ठिकाणी तेच हवं असतं. फक्त खिडकीची काच विसरू नका, साध्या काचेतून हा प्रकाश आरामात जातो. आणि वायफाय काढून टाका असं मी म्हणत नाहीये, दोन्ही एकत्र राहतील, झोत अडला की रेडिओवर जायचं आणि मोकळा झाला की परत.

प्रश्न : इन्फ्रारेड म्हणजे उष्णता ना? दिवसभर अंगावर आणि डोळ्यांवर पडलं तर त्रास नाही का होणार? घरात लहान मुलं आहेत.

उत्तर : शरीरातून निघणारी उष्णता म्हणतो ते इन्फ्रारेड १०,००० नॅनोमीटरच्या आसपासचं, डेटाचं ८५० किंवा १५५० चं, आणि पॉवर मिलिवॅटमध्ये, त्यानं अंग तापत नाही. डोळ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. ८५० चा प्रकाश थेट रेटिनापर्यंत पोचतो, आणि दिसत नसल्यामुळे आपण पापणी मिटत नाही, म्हणून तिथं पॉवरवर कडक मर्यादा असते. १४०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातलं पाणीच शोषून घेतं, रेटिनापर्यंत तो जवळजवळ जात नाही, म्हणून तिथं जास्त पॉवर चालते. आइंडहोवेनवाल्यांनी १५०० च्या वरचा पट्टा निवडला त्याचं एक कारण हेच. विकत घेताना 'क्लास १ लेझर' लिहिलंय का ते बघायचं, नेहमीच्या वापरात तो सुरक्षित धरला जातो. उघडा लेझर आणून घरी प्रयोग करणं वेगळं, ते मुलं असलेल्या घरात अजिबात नको.

प्रश्न : हे फक्त खोलीपुरतंच का? लांब नाही जात?

उत्तर : किती लांब हवंय? डिसेंबर २०२३ मध्ये नासाच्या सायकी यानानं ३.१ कोटी किलोमीटरवरून लेझरनं १५ सेकंदांचा व्हिडिओ पाठवला, टेटर्स नावाच्या मांजराचा, स्पीड २६७ एमबीपीएस. ते लेझर १५५० नॅनोमीटरचं इन्फ्रारेडच होतं. जमिनीवरही टाराचे (गूगलच्या मूळ कंपनीत, अल्फाबेटमध्ये, सुरू झालेला प्रकल्प) लेझर काँगो नदीच्या दोन काठांवरची ब्राझाव्हिल आणि किन्शासा ही शहरं जोडतात, मध्ये जवळपास पाच किलोमीटर पाणी. शत्रू एकच, धुकं. पावसापेक्षा धुकं वाईट, कारण त्याचे बारीक थेंब संख्येनं प्रचंड असतात आणि प्रकाश सगळीकडे विखुरतात.

प्रश्न : माझ्या फोनला वर आयआर ब्लास्टर आहे. त्यातून लॅपटॉपला फाईल पाठवता येईल का? मी बारावीला आहे, प्रोजेक्ट करायचाय.

उत्तर : नाही रे, त्यात साधारणपणे फक्त पाठवणारा एलईडी असतो, ऐकणारा सेन्सर नसतो, आणि त्याचं सर्किटही रिमोटच्या ३८ किलोहर्ट्झच्या आसपासचंच. पण प्रोजेक्ट सोडू नकोस. एक इन्फ्रारेड एलईडी, एक उघडा फोटोडायोड (टीव्हीचा तीन पायांचा रिसीव्हर नको, वर सांगितलेली गाळणी त्यातच बसवलेली असते), एक फास्ट कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करून शून्य की एक ते सांगणारी चिप) आणि दोन मायक्रोकंट्रोलर घे. सिरियल पोर्टवरून ९६०० ला सुरू कर आणि हळूहळू वाढवत ने. फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघितलंस तर एलईडी जांभळट चमकताना बहुधा दिसेल, त्यावरून सर्किट चालू आहे की नाही कळतं. कुठल्या स्पीडला आणि किती अंतरावर चुका यायला लागतात त्याचा तक्ता कर, आधी अंधारात, मग खिडकीपाशी उन्हात. उन्हातले आकडे आले की मला नक्की कळव.