कव्हर लेटरमध्ये मधली ३ वर्षं कशी लिहू?

प्रश्न : ताई, मी बी. कॉम. आहे. कळंबोलीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात ४ वर्षं अकाउंट्स बघत होते. २०२२मध्ये सासऱ्यांना पक्षाघात झाला आणि नोकरी सोडली. आता ते काठी घेऊन चालतात, मुलगीही बालवाडीत जाते. दोन महिन्यांत तीसेक ठिकाणी अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. कव्हर लेटर नेटवरून घेतलंय, ते आणि रेझ्युमे सोबत पाठवते. घरी बसलेली ही ३ वर्षं त्यात लिहावीत की नकोत?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘मेहनती, प्रामाणिक, टीमसोबत काम करणारी’ असं तू स्वतःबद्दल लिहिलंयस. तशी तू असशीलच गं, पण रबाळ्याच्या एमआयडीसीत मी २२ वर्षं कार्मिक विभागात काढली आणि गठ्ठ्यातल्या बहुतेक अर्जांत हेच शब्द वाचले. त्यातला एकही उमेदवार आज मला आठवत नाही.

आठवतो तो उरणचा एक मुलगा. स्टोअर असिस्टंटच्या जागेसाठी त्याने लिहिलं होतं, ‘दर शनिवारी मी रॅकवरचा माल स्वतः मोजून रजिस्टरशी ताडतो. मार्चमध्ये बेअरिंगचे ११ खोके कमी भरले. ते दुसऱ्याच कोडखाली चढवले गेले होते, मी शोधून काढले.’ इंग्रजीत दोन ढोबळ चुका होत्या. तरी त्याच दुपारी मी त्याला फोन लावला, कारण आमच्या स्टोअरमध्ये तेव्हा नेमकी हीच डोकेदुखी चालू होती.

तुझ्याकडेही असं सांगण्यासारखं आहे, पण ते तू रेझ्युमेच्या तळाशी एका ओळीत उरकलंयस : ‘ई-वे बिल व जीएसटीचे काम’. ही ओळ पत्रात सगळ्यात वर हवी! ५० हजार रुपयांवरचा माल राज्याबाहेर निघाला की ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, लागतं. गाडी वाटेत बंद पडून माल दुसऱ्या गाडीत चढवला, तर त्या बिलाच्या पार्ट-बीमध्ये नव्या गाडीचा नंबर कोण टाकायचं, तूच ना? रोज साधारण किती बिलं काढायचीस? दर महिन्याची जीएसटीची विवरणपत्रं, ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं ३बी, स्वतः भरायचीस, की सीएंना आकडे काढून द्यायचीस? जे खरं असेल तेच लिही, पण आकड्यांसकट लिही. न्हावा-शेव्याच्या कंटेनरवर ज्यांचा धंदा चालतो, त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

आता ती ३ वर्षं. लिहायचीच. कागदावर मोकळी जागा दिसली की वाचणारा ती आपल्या मनाने भरतो, आणि चांगलं काही क्वचितच भरतो. पण एकच वाक्य : ‘घरातल्या आजारपणामुळे २०२२ ते २०२५ नोकरीत नव्हते, आता पूर्णवेळ काम करू शकते.’ पक्षाघात, काठी, बालवाडी यातलं काही नको. आणि ‘कृपया समजून घ्यावे’ हे तुझं वाक्य तर आधी काढ. सासऱ्यांना तू पुन्हा उभं केलंस, त्याची माफी कसली मागतेस?

त्याच्याच पुढे आणखी एक वाक्य हवं, आणि ते मात्र तुला कमवावं लागेल. तू काम सोडल्यानंतर, ऑक्टोबर २०२४मध्ये, जीएसटी पोर्टलवर आयएमएस (इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम) आलं. पुरवठादाराने चढवलेली बिलं स्वीकारायची, नाकारायची की प्रलंबित ठेवायची, हे तिथे ठरवता येतं. ओळखीच्या सीएंच्या ऑफिसात आठवडाभर बसून ते हाताखालून घाल, मगच पत्रात लिही. नुसतं ‘नवीन शिकण्याची तयारी आहे’ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी वजनदार वाटतं.

जाहिरात इंग्रजीत असेल तर पत्रही इंग्रजीत हवं. पण पहिला परिच्छेद आधी मराठीत लिही, मला हे पत्र लिहिलंस तसा सरळ. मग त्याचं साधं इंग्रजी कर. मजकूर ईमेलमध्येच टाक, वेगळी फाईल उघडायला लावू नकोस. एका पानाच्या आत संपव. घणसोलीत राहतेस हेही सांग. महापे-तुर्भ्याच्या कंपन्यांना जवळची माणसं हवीच असतात.

या आठवड्यात तीनच ठिकाणी अर्ज कर, पण जाहिरात बघून दर वेळी पहिला परिच्छेद नव्याने लिही. आणि हो, मला पाठवलेल्या पत्रात दुसऱ्या परिच्छेदात आधीच्याच कुठल्यातरी कंपनीचं नाव तसंच राहिलंय. ते आजच बदल.