रविवारी नुसतं चौकात बसायचं

प्रश्न : ताई, मुलगा ह्यूस्टनला असतो. फेब्रुवारीत आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत आणि तिथून पाच दिवस मेक्सिकोतल्या वाहाका शहरात. तुम्ही तिथे महिनाभर राहिला होतात, असं मागच्या अंकात वाचलं. ह्यांनी रविवारसुद्धा तासातासाने आखलाय: सकाळी माँते अल्बानचे अवशेष, दुपारी तूलेचं प्रचंड झाड, संध्याकाळी संग्रहालय. माझे गुडघे दुखतात आणि मला एक दिवस तरी कुठेतरी निवांत बसून गाव बघायचंय. हे म्हणतात, "नुसतं बसायला एवढ्या लांब कशाला जायचं?" आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. स्पॅनिशचा गंध नाही. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाशिकच्या ताई, मी तुमच्या बाजूने आहे, आणि अगदी मनापासून.

तुमच्या मिस्टरांना आधी एक व्यवहाराची गोष्ट सांगा. माँते अल्बानसारख्या सरकारी पुरातत्त्वस्थळी रविवारी मेक्सिकोच्या नागरिकांना प्रवेश मोफत असतो. आपल्याला तिकीट काढावंच लागतं, वर गर्दी मिळते. तिथे मंगळवारी-बुधवारी दार उघडताच जा. तूलेचं झाड शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे, ते कुठल्याही दिवशी दोन तासांत जाऊन-येऊन होतं. रविवार मात्र चौकाचा. त्या दिवशी सगळं गाव स्वतःहून तुमच्यासमोर येतं, तेही तुम्ही बाकावर बसल्या बसल्या.

मुख्य चौकाला तिथे सोकालो म्हणतात. मधोमध बँडस्टँड, बाजूला कॅथेड्रल, कडेने कमानींखालची हॉटेलं आणि वर मोठमोठ्या झाडांची सावली. पहिल्या रविवारी मी वर बघितलं तर पानं ओळखीची वाटली, लहान, जाडसर, चकचकीत. शेजारी बसलेल्या आजोबांना खुणेनेच झाडाचं नाव विचारलं. "लाउरेल दे ला इंदिया," ते म्हणाले. अहो, म्हणजे आपला नांद्रुक, वड-पिंपळाच्या कुळातला! मी छातीवर हात ठेवून "इंदिया" म्हटलं, आणि आजोबांनी सरकून मला सावलीतली जागा दिली. स्पॅनिशची काळजी करू नका, ती मी तिथेच सोडली.

सकाळी नऊच्या सुमारास जा. वाहाका साधारण दीड हजार मीटर उंचीवर आहे, फेब्रुवारीत सकाळी शाल लागते आणि बारानंतर ऊन चटकतं. कमानींखाली बसून गरम चॉकलेट मागवा. कोको, साखर, दालचिनी आणि बदाम एकत्र वाटून केलेलं असतं. पाण्यातलं की दुधातलं, ते विचारतात. पाण्यातलं घ्या, कोकोची चव त्यात जास्त लागते. फेस काढायला त्यांच्याकडे लाकडी मोलिनियो असतो, दोन्ही तळव्यांमध्ये धरून घुसळायचा. हुबेहूब आपली रवी. सोबत पान दे येमा हा अंड्याच्या बलकाचा पाव येतो, तो बुडवून खायचा.

मग चौकाच्या दक्षिणेला जवळच बेनितो हुआरेस मंडई आहे, तिथे तेहाते प्यायला जा. हे मात्र चुकवू नका. मक्याचं पीठ, भाजलेला कोको, मामे फळाची बी आणि एक सुवासिक फूल वाटून त्याचा गोळा करतात. मोठ्या मातीच्या परातीत बाई कोपरापर्यंत हात घालून तो गोळा पाण्यात कालवत असते. मी समोर उभी राहून बघत होते. ती ओंजळभर पाणी वर उचलून सोडायची, पुन्हा उचलायची, आणि हळूहळू वर पांढुरका, दाटसर फेस जमायला लागला, ताकावर लोणी यावं तसा. फळाच्या टणक कवचाच्या, लाल रंगवलेल्या वाडग्यात आधी पेय, मग वरून फेसाचा मोठा ढीग आणि थोडा साखरेचा पाक. चव मातकट, गार, फारशी गोड नाही. पहिल्या घोटाला मला नीट कळली नाही, तिसऱ्या रविवारी मी तिच्यासाठीच उठत होते. पाणी मोठ्या बंद जारमधलं आहे ना, तेवढं बघून घ्या.

खाण्याचं सांगते. त्लायुदा ही भली मोठी कडक भाकरी सगळीकडे दिसेल, पण तिच्यावर डुकराची चरबी फासतात. "सिन असिएंतो, सिन कार्ने", म्हणजे ती चरबी नको, मांस नको, असं स्पष्ट सांगा. बीन्समध्येही बऱ्याचदा चरबी असते, म्हणून "सिन मांतेका" हेही पाठ करा. भोपळ्याची फुलं आणि लोकरीच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं चीज घातलेली केसादिया, म्हणजे दुमडलेली भाकरी, तुम्हाला आवडेल. मंडईत तिखट लावलेल्या तांबड्या नाकतोड्यांच्या टोपल्या दिसतील. न खाता बघा, बायका फार सुरेख रचतात.

दुपारी राज्याचा बँड वाजतो. आजी-आजोबा खुर्च्या पकडून आधीच बसलेले असतात, तुम्हीही लवकर बसा. माकेदोनियो आल्काला हे १९व्या शतकातले इथले संगीतकार, चौकाजवळच्या पायी फिरायच्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे. मी होते त्या रविवारी त्यांचा वॉल्ट्झ सुरू झाला आणि सगळा चौक उभा राहिला. फुगेवाला दोरे मनगटाला गुंडाळून उभा, बूटपॉलिशवाला हातात ब्रश घेऊन उभा. माझ्या पुढच्या आजी ओठांतल्या ओठांत गात होत्या आणि नातवाचा हात घट्ट धरून होत्या. मला एक शब्द कळला नाही आणि डोळे भरून आले.

नंतर हळूहळू पश्चिमेला सोलेदाद बॅसिलिकाशी चालत जा. बाहेरच्या बागेत आइस्क्रीमची दुकानं आहेत, तिथे जळक्या दुधाचं आणि निवडुंगाच्या लाल फळाचं आइस्क्रीम एकाच वाटीत मागा. घरी दूध लागलं की आपण हळहळतो, तोच वास तिथे मुद्दाम आणतात, आणि शेजारी आपल्या फड्या निवडुंगाच्या बोंडांचा रंग. तिथवर चढ फारसा नाही, पण गुडघे बोलायला लागले तर टॅक्सी करा.

राहता राहिले तुमचे मिस्टर. त्यांना स्वस्थ बसवतच नसेल तर सकाळी त्लाकोलुलाच्या रविवारच्या बाजाराला धाडा. तीसेक किलोमीटर आहे, बस मिळते, आसपासच्या खेड्यांतले लोक पिढ्यान् पिढ्या तिथे येतात. पण दुपारी बँडच्या आत परत या म्हणावं.

आणि संध्याकाळी दोघं मिळून कॅथेड्रलपुढच्या मोकळ्या जागेत बसा. पोरं तिथे आपल्यापेक्षा उंच, लांबलचक फुगे आकाशात भिरकावतात. फुगा वर जाऊन क्षणभर उभाच्या उभा थांबतो, मग डुलत खाली येतो, आणि दहा पोरं हात वर करून त्याच्याखाली धावतात. माझ्या मांडीवर असा एक फुगा येऊन पडला होता. चार वर्षांची एक मुलगी समोर येऊन थांबली, काही न बोलता. मी उठून, गुडघे विसरून, तो जमेल तेवढा वर फेकला.