४०० वॅटच्या लिनिअरसाठी कोणता वॅटमीटर घ्यावा?

तुमचा प्रश्न असा: हॅम रेडिओचा जनरल ग्रेडचा परवाना आहे, १०० वॅटच्या रिगला (रेडिओ संचाला) आता लिनिअर (पॉवर वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) जोडायचाय, तर ३ किलोवॅटपर्यंत दाखवणारा स्वस्त नवा मीटर घ्यावा की सेकंडहँड बर्ड ४३ (बर्ड कंपनीचा काट्याचा वॅटमीटर)? मीही इंदूरचाच, सुदामानगरचा. माझ्या मते ३ किलोवॅटचा आकडा डोक्यातून काढून टाका. आपल्याला परवान्याची ४०० वॅटची मर्यादा पाळायची आहे, तेव्हा तिथेच खरं सांगणारा मीटर हवा.

मीटरची अचूकता बहुधा फुल स्केलच्या टक्क्यांत दिलेली असते, काटा दाखवतोय त्या आकड्याच्या नव्हे. बर्ड ४३ ची अचूकता फुल स्केलच्या ±५ टक्के आहे. त्यात १००० वॅटचा एलिमेंट (रेंज ठरवणारा, बदलता येणारा भाग) घातला तर ५० वॅटचा फरक कुठेही पडू शकतो; ४०० दिसत असताना प्रत्यक्षात ३५० असतील किंवा ४५०. ५०० वॅटचा एलिमेंट (५००एच, २ ते ३० मेगाहर्ट्झ) घातला की तोच फरक २५ वर येतो. ३ किलोवॅटच्या मीटरला १० टक्के धरले तर ३०० वॅट इकडचे तिकडे. मग वाचायचं तरी काय? २०, २००, २००० अशा रेंजचे क्रॉस-नीडल (दोन काट्यांचे) मीटर चांगले असतात, पण ४०० वॅटवाला नेमका मधे अडकतो.

त्याहून महत्त्वाचा मला पीईपी (सिग्नलच्या शिखरावरची पॉवर) वाटतो. एसएसबीवर (आवाज पाठवायची एक पद्धत) बोलताना पॉवर सतत वरखाली होते. साधा मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे पीक ४०० ला पोचत असले तरी काटा शंभर-दीडशेच्या आसपास डोलतो. माणसाला वाटतं पॉवर कमी पडतेय, तो माइक गेन वाढवतो, लिनिअर क्लिप होतो आणि सकाळी ४० मीटर बँडच्या नेटवर (ठरलेल्या वेळच्या गप्पांत) शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरच्यांना त्याचा स्प्लॅटर (बाहेर पसरलेला खरखराट) ऐकावा लागतो. हे फार वाईट आहे, आणि बहुतेक वेळा त्यात माणसाचा नाही, मीटरचा दोष असतो. म्हणून विकत घेताना विचारा: पीईपीसाठी बॅटरी किंवा १२ व्होल्टचा सप्लाय लागतो का? लागत नसेल तर आत बहुधा नुसता कपॅसिटर आहे आणि तो पीक कमीच दाखवणार. साधा बर्ड ४३ सुद्धा सरासरीच दाखवतो. पीकसाठी ४३पी किंवा त्याचं किट लागतं. पारखायचं असेल तर डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) कॅरियर (न बोलता स्थिर सिग्नल) देऊन आकडा बघा, मग त्याच सेटिंगवर एसएसबीत बोला. खरा पीईपी मीटर त्या आकड्याच्या जवळ पोचतो, कच्चा मीटर बराच खाली राहतो.

रिफ्लेक्टेडकडेही (अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरकडे) तितकंच लक्ष द्या. ४०० वॅटला एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळलाय त्याचं माप) १.५ असेल तर परत येतात १६ वॅट, २ असेल तर सुमारे ४४, ३ ला पूर्ण १००. ट्रान्झिस्टरवाल्या लिनिअरचा जीव या आकड्यांवर असतो, आणि ३ किलोवॅटच्या रेंजवर १६ वॅटला काटा जेमतेम हलेल. बर्ड असेल तर रिफ्लेक्टेडसाठी १०० वॅटचा वेगळा एलिमेंट ठेवा. तो बसवताना बाणाची दिशा दोनदा बघा, कारण फॉरवर्डला वळवून ४०० वॅट सोडले तर तो जाऊ शकतो.

सेकंडहँड घेताना मीटरची पेटी किती चकचकीत आहे यापेक्षा एलिमेंट बघा. पडलेल्या एलिमेंटचं कॅलिब्रेशन बिघडतं आणि बाहेरून काही कळत नाही. एचएफचा (३० मेगाहर्ट्झपर्यंतचा) एलिमेंट २ मीटर बँडला चालत नाही, तिथे १०० ते २५० मेगाहर्ट्झचा सी एलिमेंट लागतो. मीटर घरी आणल्यावर ५० ओमच्या डमी लोडवर पडताळा घ्या: ४०० वॅटला लोडवर पीक बरोबर २०० व्होल्ट यायला हवेत (पीक व्होल्टेजचा वर्ग भागिले १००). हे व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर बघायचं, पण त्याच्या प्रोबची व्होल्टेज मर्यादा फ्रिक्वेन्सीबरोबर घटते, ती आधी वाचा, आणि चालू असताना काहीही उघडं हाताळू नका. आरएफची (रेडिओ फ्रिक्वेन्सीची) भाजणूक खोलवर जाते. आपल्याकडच्या मे महिन्यात लोड एरवीच तापलेला असतो, तेव्हा काही सेकंदच कॅरियर द्या.

तुमचं बजेट मला माहीत नाही. एसएसबीच जास्त करत असाल तर सेन्सर वेगळा असलेला, खरा पीईपी दाखवणारा डिजिटल मीटर घ्या. सेन्सर वेगळा असल्याने आरएफची केबल टेबलावर आणावी लागत नाही. एफटी८ (संगणकावरचा डिजिटल मोड), सीडब्ल्यू (मोर्स) किंवा एफएम जास्त असेल तर ५००एच एलिमेंटसह बर्ड. दोन्हींत मीटर लिनिअरच्या नंतर आणि ट्यूनरच्या (अँटेना जुळवणाऱ्या डब्याच्या) आधी लावा.