गुडघ्याचे दुखणे आणि नाच सोडण्याचा निर्णय

पत्राचा गोषवारा : मुलगी 13 वर्षांची, आठवीत आहे. लहानपणापासून भरतनाट्यम शिकते आणि नृत्याची ‘मध्यमा प्रथम’ ही परीक्षा उत्तीर्ण झाली आहे. काही महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखते. अस्थिरोगतज्ज्ञांनी ‘ऑसगुड-श्लाटर’ असे निदान करून काही काळ उड्या बंद ठेवायला सांगितले आहे; पण क्लासमधून काढतील या भीतीने ती दुखणे लपवते. नाच बंद करून तिला नववीपासून लातूरला नीटच्या फाउंडेशनला घाला, असे नातेवाईक म्हणतात. काय करावे? — एक पालक, अंबाजोगाई

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. गुडघा दुखतो म्हणून नाच थांबवावा का, हा एक, आणि मुलीने लातूरला जावे का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर कृपया गुडघ्यावरून काढू नका.

मांडीचा पुढचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. वाढीच्या वयात ती जागा अजून कोवळी असते. उंची भराभर वाढते, स्नायू त्या मानाने आखडलेला राहतो आणि प्रत्येक उडीला तो त्याच जागेवर ओढ देतो. तिथे होणाऱ्या या दुखण्यालाच ऑसगुड-श्लाटर म्हणतात. बहुतेक मुलांमध्ये हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत हे दुखणे थांबते आणि टेंगूळ राहिले तरी सहसा त्रास होत नाही. म्हणजे आपल्या मुलीचा गुडघा कायमचा निकामी झालेला नाही, आणि 13 व्या वर्षीच्या या दुखण्यावरून तिच्या आयुष्याची दिशा ठरवण्याचे काहीच कारण नाही.

मात्र सराव पूर्वीसारखाच चालू ठेवून हे बरे होईल, असेही समजू नका. तिच्या शिक्षिकांना प्रत्यक्ष भेटा आणि डॉक्टरांचा कागद दाखवा. भरतनाट्यमच्या मूलभूत पदन्यासांना अडवू म्हणतात. त्यांतल्या मंडी अडवूंमध्ये पूर्ण बसून गुडघा जमिनीवर टेकवावा लागतो, तेव्हा भार नेमका त्या टेंगळावर येतो. ते अडवू आणि उड्या सध्या पूर्ण बंद हव्यात. अरमंडीकडेही, म्हणजे पावले बाहेर वळवून गुडघे वाकवलेल्या अर्ध्या बैठकीकडेही, बारकाईने पाहायला हवे. पावले बाहेर वळवण्याची ताकद खुब्यातून यायला हवी. खुबा जेवढा वळतो त्याहून अधिक पावले उघडण्याचा हट्ट धरला, तर उरलेला पीळ गुडघ्याला बसतो, ओले धोतर पिळावे तसा. समोरून पाहताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत दिसला पाहिजे. तो आत कलत असेल तर पावले थोडी कमी उघडावीत, बैठक थोडी उंच ठेवावी. आपल्याकडे बहुतेक क्लास फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर चालतात आणि तिथे तट्टडवूचा, म्हणजे पाय आपटण्याच्या अडवूचा, प्रत्येक आघात पायातच परत येतो, म्हणून सरावाचा वेळही कमी करावा लागेल. मांडीचे स्नायू सैल आणि बळकट करण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत.

या काळात तिचे शिक्षण थांबत नाही, हे तिला आवर्जून सांगा. हस्तमुद्रा, अभिनय, ताल, बोलांचे पठण, शास्त्राचा अभ्यास हे सारे बसून होते, आणि नेमके हेच भाग घाईत मागे पडतात. पुढची परीक्षा एक सत्र पुढे गेली तर काहीही बिघडत नाही. दहावीच्या वाढीव गुणांसाठी परीक्षा उरकण्याची जी घाई पालकांमध्ये दिसते, तिची किंमत मुलांचे सांधे मोजतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला खरी काळजी वाटते ती तिच्या लपवण्याची. दुखणे सांगितले की नाच जाईल, अशी तिची समजूत झाली असेल, तर ती पुढच्या मोठ्या दुखापतीतही गप्प राहील. लंगडत असेल त्या दिवशी सराव नाही, एवढा एकच नियम घरात ठेवा. दुखते म्हटल्याबद्दल शिक्षा मात्र कधीच नको. गुडघ्यात अचानक ‘कट्’ असा आवाज होऊन काही तासांत सूज आली, गुडघा अडकला, चालताना दगा देऊ लागला किंवा रात्री झोपेतही ठणकू लागला, तर ते वेगळे दुखणे असू शकते. तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका.

आता लातूर. तिला विज्ञानाची गोडी असेल तर जरूर विचार करा, पण दहावीनंतरही ते दार उघडेच असते. नृत्याचे पुढचे शिक्षणही आपल्यापासून फार दूर नाही : छत्रपती संभाजीनगरला महागामी गुरुकुलात कथक आणि ओडिसी शिकवले जाते, आणि पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याची पदवी घेता येते. केवळ कार्यक्रमांवर घर चालवणाऱ्या नर्तिका थोड्या आहेत, बहुतेकींचे उत्पन्न शिकवण्यातून येते, हेही तिला आताच प्रामाणिकपणे सांगावे. दोन्ही आवडी टिकल्या तर नीटमधून फिजिओथेरपीला जाता येते, आणि नर्तकांचे शरीर आतून ओळखणाऱ्या फिजिओथेरपिस्टची मराठवाड्यात फार गरज आहे.

शिक्षिकांना भेटायला जाल तेव्हा मुलीला सोबत न्या आणि कुठे, केव्हा, किती दुखते हे तिलाच सांगू द्या. विषयनिवडीसाठी दहावीच्या सुट्टीत पुन्हा लिहा. तोवर गुडघ्याचे चित्रही बरेच स्पष्ट झालेले असेल.